बाकी राहिली, पुढे काय?

अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर करताना मुले अडखळतात ती बाकीपाशी. तीन छेद आठ म्हणजे तीनाला आठाने भागायचे, हे त्यांना पटते. पण तीनात आठ जात नाहीत म्हटले की हात थांबतो. मग आपण सांगतो, ‘पूज्य दे, टिंब दे, वरून शून्य घे.’ हे शून्य आले कोठून, ते मात्र सांगायचे राहून जाते.

त्यापेक्षा तीन रुपये आठ मुलांत वाटायला सांगा. अख्खा रुपया कोणालाच मिळत नाही, म्हणून पूर्णांकाच्या जागी ०. आता रुपये मोडायचे. एका रुपयाचे दहा दशांश, तर तिन्हींचे तीस. प्रत्येकाला ३ दिले, उरले ६. त्या सहांचे शतांश साठ. प्रत्येकाला ७, उरले ४. त्यांचे सहस्रांश चाळीस. प्रत्येकाला ५, बाकी काही नाही. उत्तर ०.३७५. वरून काहीच उतरले नाही. बाकी मोडून तिचे लहान तुकडे केले, एवढेच.

खरी कसोटी पुढेच आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली, तेव्हा आण्याचे नवे पैसे किती, हा प्रश्न घरोघर पडला. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. दहा दशांश सोळा जणांना पुरत नाहीत, म्हणून दशांशाच्या जागीही ० लिहिलेच पाहिजे. मग शंभर शतांशांत ६, बाकी ४, चाळिसांत २, बाकी ८, ऐंशीत ५. झाले ०.०६२५, म्हणजे सव्वासहा पैसे. ते मधले शून्य गाळले, तर आणा साडेबासष्ट पैशांचा होईल! पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२ आणि तीन आण्यांना १९ नवे पैसे धरले. चार आण्यांचे मात्र बरोबर २५. कोष्टकातली ही ओढाताण मुलांनाच भागाकार करून शोधू द्या.

एखादे चौकस मूल एक छेद सात घेऊन बसले, तर त्याला थांबवू नका. बाक्या बाजूला मांडायला सांगा: ३, २, ६, ४, ५, आणि मग १. आपण निघालो तो एकच परत आला! म्हणजे पुढचा भागाकार पहिल्यासारखाच चालणार, आणि १४२८५७ हे अंक फिरून फिरून येणार. आठ आणि सोळा यांचे मूळ अवयव फक्त दोन. दहाला दोन आणि पाच यांनीच भाग जातो, म्हणून तिथे बाकी संपली. सात त्यात बसत नाही. पुढच्या तासाला एक छेद बारा द्या, आणि बाकी संपेल की नाही ते भागण्याआधीच विचारा.