आधी डोळे, मग मशीन

आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी गॅरेजवर चालते. मुलगा उस्तादाकडे डेंटिंग शिकतो आणि काही वर्षांनी स्वतःचे दुकान टाकायचे म्हणतो. तेव्हा घरची शिल्लक, कधी आईच्या बांगड्याही, मशीनमध्ये जातात. म्हणून ही खरेदी घरात सर्वांनी समजून करावी, असे आम्हांला वाटते.

मोटारीच्या बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. ग्रिल-गेटसाठी वापरतात ते रॉडचे मशीन त्यावर लावले, की भोक पडते. या कामाला मिग मशीन घ्यावे. सिंगल फेजवर चालणारे, १५० अँपिअरच्या आसपासचे पुरते. पण ते ३० अँपिअरपर्यंत खाली येते का, हे दुकानदाराला आधी विचारावे. पातळ पत्र्याला कमी ताप लागतो. तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची असावी, सोबत आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस. बिनगॅसच्या तारेने सिलिंडरचा खर्च वाचतो, पण ठिणग्या फार उडतात.

आता हेल्मेट. डेंटिंगवाल्याच्या एका हातात टॉर्च असते, दुसऱ्या हाताने पत्रा दाबलेला असतो. काळी काच धरायला तिसरा हात कुठला? मग मान वळवून, डोळे मिटून टाका मारला जातो. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. अतिनील किरणांनी बुबुळाचा पृष्ठभाग भाजलेला असतो. त्रास सहसा एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून तो हसण्यावारी नेला जातो. ही सवय घातक आहे. साधा गॉगल इथे कामाचा नाही.

ठिणगी पडताच आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्यावे. शेड ९ ते १३ पर्यंत बदलता यावी. पातळ पत्र्याला साधारण १० ची शेड चालते. सेन्सर चार असलेले बरे, कारण गाडीखाली काम करताना एखादा झाकला जातो. काचेवर ‘ईएन ३७९’ या मानकाची नोंद पाहावी.

दुकानात दोघे असतील तर हेल्मेटही दोन हवीत. पत्रा धरून उभ्या असलेल्या शागिर्दाच्या डोळ्यांतही तोच झोत जातो. डोळे ही अल्लाहची अमानत आहे, आणि विश्वासाने सोपवलेले दुसऱ्याचे मूल हीही अमानतच. पैसे कमी पडत असतील तर मशीन जुने घ्या, हेल्मेट मात्र नवे आणि चांगलेच घ्या.