एकदाच दिसलेला ग्रह

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे या विषयातल्या गणितापेक्षा मला एक प्रश्न जास्त छळतो. जी घटना एकदाच घडली आणि पुन्हा घडणार नाही, तिच्यावरून 'अमुक वस्तू आहे' असं म्हणायचा आपल्याला अधिकार काय?

२००५ च्या जुलैत 'ओगल' या पोलिश खगोलशास्त्रज्ञांच्या गटाला चिलीतल्या दुर्बिणीतून आकाशगंगेच्या मध्याकडचा एक तारा उजळताना दिसला. (आपल्याकडं हा भाग पावसाळ्यातच रात्री चांगला वर येतो, आणि तेव्हा ढग!) ३१ जुलैला तो तिप्पट तेजस्वी झाला, मग उतरू लागला. त्या ताऱ्याला स्वतःला काहीच झालं नव्हतं. त्याच्या आणि आपल्या मधून दुसरा एक मंद तारा जवळजवळ सरळ रेषेत चालला होता. वस्तुमान प्रकाशाला वाकवतं, म्हणून मधला तारा भिंगासारखा वागला आणि भलतीकडं जाणारा प्रकाशही आपल्याकडं वळला. आइन्स्टाइननं १९३६ साली हे गणित छापलं, आणि प्रत्यक्षात असं दिसण्याची फारशी आशा नाही, हेही लिहिलं. बरोबरच होतं की! एका वेळी दहा लाख ताऱ्यांत एखाद्याचंच असं जुळतं. रोज रात्री कोट्यवधी तारे मोजणारे संगणक तेव्हा कुठं होते?

आता बघा, १० ऑगस्टला त्या उतरणीवर एक छोटा उंचवटा आला आणि दिवसाच्या आत संपला. मधल्या ताऱ्याजवळच्या ग्रहानं आपल्या परीनं प्रकाश वाकवला होता. ग्रह जितका लहान तितका हा उंचवटा कमी वेळ टिकतो. गुरूएवढ्याचा दिवसभर, पृथ्वीएवढ्याचा काही तास. म्हणून एका दुर्बिणीचं हे काम नाही. चिलीत दिवस उजाडला की ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडनं डोळे उघडे ठेवायचे. हिशेब निघाला तो असा: पृथ्वीच्या साडेपाचपट वस्तुमान, वीस हजार प्रकाशवर्षांहून लांब, तापमान उणे २२० अंशांच्या आसपास. साडेपाच हा आकडा मात्र सैल धरा. तीनपासून अकरापर्यंत काहीही चालेल, असं संशोधकच सांगतात.

धुरावरून अग्नीचं अनुमान आपल्या नैयायिकांनी शिकवलं. पण तिथं डोंगर चढून खात्री करता येते. इथं तो ग्रह कोणी पाहिला नाही, आणि ते दोन तारे पुन्हा तसे जुळणार नाहीत.

तरी मी म्हणतो, विश्वास ठेवावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पुन्हा घडवून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. ठिकठिकाणच्या यंत्रांनी तो आपापला नोंदवला आणि नोंदी जुळल्या. तसंच इथं, वेगवेगळ्या दुर्बिणींनी तोच उंचवटा टिपला. दुसरी बाजूही तपासली गेली. मागचा तारा जोडतारा असला तरी असा उंचवटा येऊ शकतो. तो पर्याय मांडून पाहिला, पण नोंदींशी ग्रहाचंच गणित जास्त जुळलं. मला या शास्त्रात हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आणि डोंगर अगदीच चढता येत नाही असंही नाही. त्याच वर्षी सापडलेल्या, युरेनसएवढ्या दुसऱ्या एका ग्रहाच्या बाबतीत शास्त्रज्ञ थांबले. काही वर्षांत मधला तारा आणि मागचा तारा एकमेकांपासून सरकले. हबल आणि केक दुर्बिणींनी ते वेगवेगळे टिपले. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: तारे जुन्या हिशेबानं सांगितलेल्या वेगानंच दूर गेले होते.