पावसाळी बाडीची आवराआवर : रायपूरच्या परसबागांतील शरद ऋतूची कामे

आश्विन लागला की रायपूर शहर आणि भोवतालच्या गावांतील बाडींचे रूप पालटू लागते. मराठीत जिला परसबाग म्हणतात, तिलाच छत्तीसगडीत बाडी हे नाव आहे. जून-जुलैत मांडवावर चढविलेले दोडका, दुधी आणि कारल्याचे वेल या सुमारास पिवळे पडतात, भेंडीची झाडे उंच वाढून शेंगा मात्र मोजक्याच देतात आणि काकडीच्या पानांवर भुरी पसरलेली असते. थंड देशांत हिम पडण्यापूर्वी भाजीची बाग बंद केली जाते. रायपुरात मात्र थंडीच्या ऐन दिवसांतही किमान तापमान सरासरी १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. त्यामुळे येथे बाग मिटायची नसते, तर हिवाळी भाज्यांसाठी रिकामी करायची असते.

या कामाला मुदत आहे. फुलकोबी आणि वाटाणा यांना थंडी मानवते आणि येथे फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागते. आवराआवर नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत रेंगाळली, तर वाटाण्याच्या शेंगा भरण्याच्या वेळीच उष्मा गाठतो. दुसरीकडे, पावसाने भिजलेल्या जमिनीत घाईने कुदळ घालणेही नुकसानीचे ठरते. छत्तीसगडचे शेतकरी जमिनीला कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा अशा नावांनी ओळखतात. कन्हार ही काळी, चिकण जमीन. ती ओली असताना खणली तर वाळल्यावर तिची दगडासारखी ढेकळे होतात. पिवळसर मटासी वाळली की वरचा थर कडक होतो. मुरमाड भाट्यात पाणी मुळी ठरतच नाही. म्हणून कन्हारात वाफसा येण्याची वाट पाहावी लागते, तर मटासीत वाफसा निघून जाण्याआधी काम उरकावे लागते.

सगळेच उपटून टाकायचे नसते, हे अनेकदा विसरले जाते. पावसाळ्याच्या आरंभी लावलेला वाल, म्हणजे तेथील सेम, दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतो. नुसती पानेच दिसतात म्हणून ऑक्टोबरमध्ये तो काढला, तर हिवाळ्यातील शेंगा गमावल्या जातात. वांगी आणि मिरची निरोगी असतील, तर छाटणी व खत दिल्यावर पुन्हा धरतात. हळदीचा पाला वाळेपर्यंत तिला हात लावू नये. अळूचे कंद, ज्यांना छत्तीसगडीत कोचई म्हणतात, ते मात्र पाने पिवळी पडताच गरजेपुरते काढता येतात.

वेल काढताना मुळांकडे पाहणे हे या साऱ्या कामातील सर्वांत उपयोगी निरीक्षण होय. चवळीच्या मुळांवर लहान गोल गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. या गाठी नखाने सहज सुटतात. अशी झाडे उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावीत आणि मुळे तेथेच कुजू द्यावीत. भेंडी, टोमॅटो किंवा काकडीच्या मुळांवर गाठी दिसल्या, तर प्रकार निराळा असतो. तेथे मूळच सुजलेले असते, गाठ वेगळी निघत नाही. ते सूत्रकृमींचे लक्षण आहे. अशी झाडे मुळांसकट काढून नष्ट करावीत आणि त्या वाफ्यात टोमॅटो वा गाजर न घेता लसूण घ्यावा. झेंडूच्या मुळांमुळेही सूत्रकृमींची संख्या घटते. दसरा-दिवाळीसाठी लावलेला झेंडू अशा रीतीने दुहेरी कामाला येतो.

शिरा पिवळ्या पडलेली, म्हणजे हळद्या झालेली भेंडी चार शेंगांच्या लोभाने उभी ठेवू नये. हा विषाणू पांढरी माशी पसरविते आणि तीच माशी पुढे टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवर जाऊन पाने आकसविणारा रोग नेते. किडकी कारली व दोडकी उघड्या खड्ड्यात टाकणे ही आणखी एक चूक. फळमाशीच्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात. म्हणून अशी फळे दीड-दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत. निरोगी पालापाचोळा मात्र घुरव्यात, म्हणजे खताच्या खड्ड्यात जावा. नरवा, गरवा, घुरवा, बाडी ही चतुःसूत्री २०१८ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने योजनेच्या रूपात पुढे आणली होती. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते सरकार गेले. घुरवा आणि बाडी त्या योजनेच्या कितीतरी आधीपासून आहेत. कचरा पेटविणे हा सोपा मार्ग कायद्याने बंद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली.

खरा प्रश्न बियाण्यांचा आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे भाताच्या हजारो स्थानिक वाणांचा संग्रह उभा केला आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात तो जतन झाला आहे. घरच्या दोडक्या-दुधीचा भरवसा बहुधा स्वयंपाकघरातील डब्यावरच असतो. एका वर्षी शेवटचे फळही भाजीत गेले की त्या घरापुरता तो वाण संपतो. पाकिटातील संकरित बियाण्यांनी ती जागा भरत नाही, कारण त्यांची पुढची पिढी मूळ झाडासारखी निपजत नाही.

म्हणून बियांसाठीचे फळ भर हंगामातच निवडून त्याला दोरा बांधावा. मरणपंथाला लागलेल्या वेलावरचे उरलेसुरले खुरटे फळ त्या कामाचे नाही. दोडका आणि दुधी वेलावरच वाळू द्यावेत. हलविल्यावर आत बी वाजले की ते उतरवावेत. कारले नारिंगी होऊन उकलू लागले की बियांवरचा लाल गर धुवून काढावा. पिवळ्या झालेल्या काकडीचे बी गरासह एक-दोन दिवस आंबवून मग धुतात. शेजारी लांब आणि गोल अशा दोन्ही जातींचे दुधी असतील, तर कीटकांमार्फत त्यांचा संकर होतो. दोडक्याशी मात्र दुधीचा संकर होत नाही. बी सावलीत वाळवून, राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले जाते.

या वाळवणावरच ऑक्टोबरचे हवामान घाला घालू शकते. मान्सून परतल्यानंतरही बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा ओलावा छत्तीसगडपर्यंत पोहोचतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकलेले हुदहुद वादळ क्षीण होत याच बाजूला सरकले होते. वादळाचा इशारा मिळताच बियांसाठी राखलेली पक्व फळे देठासकट उतरवून घरात, चुलीपासून दूर पण हवेशीर जागी टांगावीत.