विहिरीवरचा पंप

चैत्र सरला की विहिरीचे पाणी खाली जाते. मग एक दिवस पंप नुसताच घरघरतो. पाटात पाणी येत नाही. धनी म्हणतो, "पंपानं पाणी सोडलं!" कोणी इंजिनाला दोष देतो, कोणी मिस्त्रीला. पुष्कळ वेळा दोष दोघांचाही नसतो.

पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे पाणी वर ढकलते ती हवा. नवल वाटले ना? मग एक प्रयोग करून पाहा. पेला पाण्याने काठोकाठ भरा. त्यावर जाड, गुळगुळीत कागद ठेवा. कागद हाताने दाबून धरा आणि पेला उलटा करा. आता कागदावरचा हात हळूच काढा. पाणी सांडत नाही. खालून हवा कागदाला दाबून धरते. वर्गात आम्ही हा प्रयोग दरसाल करीत असू. एकदा कागद सुटला आणि पुढे बसलेली पोरे भिजली. पण धडा त्यांच्या पक्का लक्षात राहिला.

पंपाचेही तसेच. त्याच्या पोटात पंखा असतो. तो गरगर फिरतो आणि आतले पाणी बाहेर फेकतो. मागे जागा रिकामी होते. विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतोच. तो दाब पाण्याला नळीतून त्या रिकाम्या जागेत चढवतो. म्हणून सुरू करण्याआधी पंप आणि खालची नळी पाण्याने भरावी लागते. आत हवा राहिली, तर पंखा हवाच घुसळत बसतो. कोरडा पंप चालू ठेवला तर तो तापतो आणि बिघडतो.

भरलेले पाणी टिकत नसेल, तर नळीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह पाहावा. काहीजण त्याला 'फुटबॉल'च म्हणतात, म्हणेनात का! त्यात काडी-कचरा अडकलेला असतो, नाहीतर आतले चामडे झिजलेले असते. मंडळी वरून शेणकाला ओततात. तेवढ्यापुरते भागते. पण चामडे बदलणे हाच खरा उपाय.

आता हवेचा हा जोर किती? पंप अगदी निर्दोष असला, तरी हवा पाण्याला ३४ फुटांच्या वर चढवू शकत नाही. आपल्या शेतावर तर पाण्यापासून पंपापर्यंत २०-२२ फूटच धरावेत. पंपाच्या पुढे मात्र पाणी किती उंच जाईल, ते यंत्राच्या ताकदीवर असते. उन्हाळ्यात पाणी ३० फूट खाली गेले, तर काठावरचा पंप ते घेणार कसे? दुप्पट ताकदीचे इंजिन आणले तरी घेणार नाही.

मग लोक काय करतात? विहिरीत खाली कट्टा करतात आणि पंपाबरोबर इंजिनही खाली उतरवतात. इथेच घात होतो.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत वारा खेळत नाही, म्हणून तो तिथे साचतो. श्वासाबरोबर तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोके जड होते, मळमळते. मग पायांतले बळ जाते. पायऱ्या समोर दिसतात, पण चढवत नाही. पूर्वी लोक विहिरीत कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये, हे खरेच. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली आहे, असे मुळीच नाही. हा वायू असतानाही कंदील जळतो.

आम्ही नोकरीत असताना शेजारच्या गावी असेच घडले. मे महिना होता. इंजिन कट्ट्यावर उतरवलेले होते. दुपारी थोरला भाऊ तेल घालायला उतरला, तो वर आला नाही. धाकटा धावत उतरला. तोही पडला. मग शेजारचा गडी निघाला. एका म्हातारीने त्याला अडवले आणि आधी कमरेला दोर बांधायला लावला. म्हणून त्याला बेशुद्ध का होईना, ओढून काढता आले. भाऊ दोन्ही गेले. त्या घरची दोन मुले आमच्या शाळेत होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा एकच आला. दुसऱ्याने नांगर धरला होता.

तेव्हा इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. पाणी खोल गेले तर विजेची पाणबुडी मोटार बसवावी. ती पाण्यातच राहते आणि खालून वर ढकलते, म्हणून तिला २२ फुटांची अडचण नाही. आणि कोणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका. आपले माणूस आत असताना हे फार कठीण आहे, आम्ही जाणतो. पण इंजिन बंद करा, माणसे जमवा आणि ११२ नंबरला फोन करा.

विजेला धूर नाही, पण तिचा घाव डोळ्यांना दिसत नाही. मोटारीला अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. उडालेल्या फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. पुष्कळांनी आता ऑटो स्विच बसवले आहेत. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. रात्री उठावे लागत नाही, सोय मोठी आहे. पण वीज गेली म्हणून तुम्ही पंप खोलायला बसलात, आणि वीज आली तर? म्हणून आधी मेन स्विच पाडावा, फ्यूज काढावेत आणि आपल्या खिशात ठेवावेत. दुसऱ्या कोणाच्या नव्हे.

इंजिनाच्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, गळ्यातला टॉवेल सैल असू नये. पट्ट्याला जाळी लावून घ्यावी.

एक लहानशी गोष्ट राहिली. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथे दोर भरलेला असतो. तिथून पाणी ठिबकते. काही लोकांना ते बघवत नाही, ते नट आवळून आवळून ठिबकणे बंदच करतात. तसे करू नये. त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो. धार लागली, तर पंप थांबवून दोन्ही नट सारखेच, थोडे थोडे आवळावेत आणि पुन्हा चालवून पाहावे.