अंगठी साखरपुड्याची, पारख पैलूंची

पुरुषोत्तमनगरात साखर कारखान्याची. साखरपुड्याला मात्र आता हिऱ्याची अंगठी हवी! दुकानात पहिला प्रश्न, 'किती कॅरेट?' पण कॅरेट म्हणजे वजन. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. झळाळी येते पैलूंमुळे. शेजारच्या सुरतेतले कारागीर गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू पाडतात. काप फार उथळ वा फार खोल झाला, तर प्रकाश वर न परतता खालून निसटतो. मोठा हिराही निस्तेज दिसतो. म्हणून दुकानातल्या झगमगाटात नव्हे, दिवसाउजेडी पाहा.

सराफाकडे प्रमाणपत्र मागा. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत वाढवलेला, आणि परत घेताना हिशेब कसा करणार, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कचरणाऱ्याच्या दुकानात उसाचे पैसे मोजू नका.