पोटमाळ्यावरचा संगणक

लासलगावसारख्या बाजारपेठेत जुन्या पेढ्यांच्या पोटमाळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. त्यांच्याच शेजारी, बारदानात गुंडाळलेला, पिवळसर पडलेला एखादा संगणकही बहुधा निघतो. वहीला आपण दिवाळीत कुंकू वाहतो आणि संगणकाला भंगारवाल्याची वाट दाखवतो. वास्तविक नव्वदच्या दशकानंतरच्या अनेक पेढ्यांचा हिशेब वहीपेक्षा त्या पेटीतच अधिक आहे.

असे टाकून दिलेले संगणक सोडवून पुन्हा चालते करणे, हा आज जगभर रुजलेला छंद आहे. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयाने १९५१ साली कार्यरत झालेले हार्वेल डेकाट्रॉन हे प्रचंड यंत्र २०१२ मध्ये पुन्हा सुरू केले. आपल्या महाराष्ट्रालाही या इतिहासात स्थान आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरच्या परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक बाजारात आणला होता. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइटची. पडदा म्हणून घरचाच दूरचित्रवाणी संच आणि साठवणीसाठी गाण्यांची असते तशी कॅसेट! आज संग्राहक अशा यंत्रांच्या शोधात असतात.

व्यापारी कुटुंबाला मात्र स्पेक्ट्रमपेक्षा टॅली जवळची. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ साली हिशेबाची ही प्रणाली सुरू केली, तीच मुळी व्यापाऱ्याची गरज ओळखून. काळ्या पडद्यावरची ती अक्षरे आणि कार्बनप्रती काढताना करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पन्नाशीतल्या वाचकांना आजही आठवत असतील. जो कांदा आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात येत नाही, त्याच्या हिशेबपट्ट्यांनी कित्येक घरांना संगणक शिकवला, ही गंमतच म्हणायची.

जुने यंत्र उतरवल्यावर थेट वीज जोडण्याचा मोह टाळावा. मुख्य पट्टीवर घड्याळासाठी बसवलेली छोटी बॅटरी वर्षानुवर्षे पडून झिरपते, आणि तिचा क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. म्हणून पहिले काम ती काढण्याचे. त्यानंतर धूळ, आपल्याकडे खळ्यावरून उडणारी कांद्याची सुकी पापुद्री पंख्यात अडकलेली असते, ती मऊ ब्रशने काढावी. फुगलेले कपॅसिटर बदलून घ्यावेत. जाड काचेच्या जुन्या मॉनिटरला मात्र घरी हात लावू नये. वीज तोडल्यानंतरही त्याच्या नळीत घातक विद्युतदाब राहू शकतो. ते काम दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराचे.

यंत्र चालू झाले की आधी माहितीची प्रत काढावी, बाकी सारे नंतर. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे साधन आजच्या संगणकाला जोडता येते. सव्वापाच इंचीसाठी बहुधा जुनेच यंत्र लागते. डॉसवर चालणारी हिशेबप्रणाली डॉसबॉक्स या मोफत साधनाने आजही उघडता येते. हीच गोष्ट आपल्या श्रीसंघांच्या दप्तराची. सभासदसूची, चातुर्मासाच्या पत्रिका, स्मरणिका अशा कित्येक गोष्टी युनिकोडपूर्व मराठी अक्षरसंचांत टंकलेल्या आहेत. आजच्या पडद्यावर त्या नुसत्या चिन्हांचा गोंधळ दिसतात. परंतु मूळ फाइल हाती असेल तर रूपांतर करता येते. फ्लॉपीला बुरशी लागली, की तो मार्गही बंद होतो.

जे दुरुस्त होणार नाही, त्याचे काय? पाच समितींपैकी चौथी वस्तू घेण्या-ठेवण्यातील यतना सांगते. पाचवी, जिला पारिष्ठापनिका वा उत्सर्ग समिती म्हणतात, ती टाकण्यातील यतना सांगते. जीवांना पीडा होणार नाही अशा स्थानीच विसर्जन करावे, असा तिचा आशय. समिती हा मुनींचा आचार खरा, परंतु श्रावकाने तिच्यातून बोध घेऊ नये असे कोठे आहे? भंगारात गेलेल्या संगणकाच्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडवल्या जातात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. ते माती-पाण्यात उतरते, तेथे जीव असतात आणि ते काम करणारा माणूसही त्यांतलाच एक. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित आहे. दोन-चारशे रुपयांच्या भंगारभावासाठी हा विचार बाजूला सारणे व्यापारी हिशेबातही बसत नाही.

याच्या उलट टोकाचा धोकाही आहे. छंदाच्या नावाखाली खोलीभर यंत्रे साठवणे म्हणजे परिग्रहच. एक चालते यंत्र घराण्याची आठवण म्हणून ठेवावे, बाकीची शाळेला, वाचनालयाला द्यावीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने दहा-बारा वर्षांचे धडधाकट संगणकही अडगळीत निघत आहेत. त्यांवर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवली तर विद्यार्थ्यांचे लेखन-वाचन सहज होते. देण्यापूर्वी पेढीची सारी माहिती पुसून टाकावी.

कार्तिक शुद्ध पंचमीस पूर्वी ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधीत. व्यापाऱ्यांची लाभपंचमीही त्याच तिथीस. वह्यांचे पूजन आटोपले की त्या दिवशी एकाने शिडी धरावी आणि दुसऱ्याने पोटमाळ्यावर चढावे. त्या काळातले यंत्र चालवणारे काका-बाबा अजून घरात आहेत, कोणत्या फ्लॉपीत कोणते साल ते त्यांनाच ठाऊक आहे.