कसरीचा बंदोबस्त

पंचगंगेचा पूर ओसरून आश्विनातले ऊन अंगणात स्थिरावले, की कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून, पावसाळाभर माजघराच्या अंधारात पडून राहिलेल्या पत्र्याच्या ट्रंका बाहेर निघू लागतात; आणि ज्या घरी वडिलोपार्जित शालजोडी, लोकरी कोट, लग्नातला शालू किंवा पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घेतलेले घोंगडे जपून ठेवलेले असते, त्या घरी कसरीचा पंचनामा करण्याचा प्रसंग बहुधा याच सुमारास येतो. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी हे काम आत्याच्या अमलाखाली चाले. तिच्या पश्चात ती वहिवाट माझ्याकडे आली आहे.

गुन्हेगार सहसा प्रत्यक्ष सापडत नाही, सापडतो तो मुद्देमाल. कापड उजेडात उलगडले, की घडीच्या आतल्या अंगाला वाळूसारखे बारीक कण दिसतात, आणि ते लोकर काळी असेल तर काळे, तांबडी असेल तर तांबडे असतात, कारण ती अळीची विष्ठा असून खाल्लेल्या कापडाचाच रंग तीत उतरतो. एका जातीची अळी कापडावर रेशमी जाळे विणते. दुसरी त्याच कापडाच्या तंतूंची, तांदळाच्या दाण्याएवढी नळी करून ती अंगावर वागवीत हिंडते, आणि चाहूल लागताच आपले तपकिरी डोके आत ओढून घेते. सोनेरी झाक असलेला पतंग जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीचा. त्याला खाण्याजोगे तोंडच नाही, नासाडी सारी अळीची. शिवाय संध्याकाळी खोलीत भिरभिरणारे पतंग प्रायः नर असतात. अंड्यांनी जड झालेली मादी उडण्यापेक्षा पळणे पसंत करते आणि उजेड दिसताच शिवणीत दडते. त्यामुळे टाळ्या वाजवीत पतंग मारणाऱ्या गृहस्थाचा पराक्रम मला नेहमीच काहीसा विनोदी वाटत आला आहे.

केस, पिसे आणि लोकर ज्या केराटिन नावाच्या द्रव्याची बनलेली असतात, ते बहुतेक प्राण्यांना पचत नाही. या अळीला पचते. रेशीमही तिला चालते; स्वच्छ सुती कापडाला मात्र ती सहसा तोंड लावीत नाही. परंतु निव्वळ लोकरीवर तिचेही पोषण नीट होत नाही, तिला तोंडी लावणे लागते, आणि ते घामाच्या व अन्नाच्या डागांतून मिळते. म्हणूनच पहिली भोके कॉलरला, काखेत, किंवा पंगतीत शालीवर तांबडा रस्सा सांडून जेथे नुसत्या ओल्या बोटाने पुसला गेला तेथे पडतात. मळके लोकरी वस्त्र न धुता ट्रंकेत घालणे हे कसरीला दिलेले रीतसर निमंत्रण होय. संगीताच्या या नगरीत तिने पेटीतली बनातही सोडलेली नाही. पेंढा भरलेल्या वन्य पशूंचे संग्रह राखणाऱ्यांनाही तिचा धाक असतो.

आत्याची पद्धत अशी. ट्रंक रिकामी करण्यापूर्वी ती माळ्यावर माणूस चढवी, कारण कौलांखालची चिमण्या-पारव्यांची जुनी घरटी म्हणजे या किड्याचे मूळ ठाणे. तेथे पिसे आणि केस यांचा साठा असतो, आणि ते काढल्यावाचून खाली केलेला सारा खटाटोप व्यर्थ जातो. त्यानंतर फरशीच्या सांध्यांतून, कपाटाच्या पाठीमागून केस व धूळ निघे. मग घोंगडे दोरीवर टाकून वेताच्या छडीने झोडपायचे, आणि ताठ केसांच्या कुंच्याने प्रत्येक शिवण, प्रत्येक काठ, खिशाची आतली बाजू घासून काढायची. चिकटलेली अंडी या घासण्यानेच सुटतात, नुसत्या झटकण्याने नाही. उन्हात वस्त्र एकदा पसरून भागत नाही, कारण अळी सावलीच्या बाजूला सरकते. तास-दीड तासाने ते उलटावे लागते. पन्नास अंश उष्णता आतपर्यंत पोचून अर्धा तास टिकली तर अंडी व अळ्या मरतात, पण आश्विनातल्या उन्हात उघड्या दोरीवर तेवढी उष्णता क्वचितच साधते, म्हणून कुंच्याचे महत्त्व उन्हाहून अधिक. रेशमाचा रंग उन्हात उडतो. शालू सावलीतच वारवावा. हल्ली मी नाजूक शाल पिशवीत घट्ट बांधून फ्रीजच्या बर्फाच्या खणात, उणे अठरा अंशांवर, पंधरवडाभर ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर तिचा गारवा जाईपर्यंत पिशवी सोडीत नाही, नाहीतर कापडाला ओल धरते. घोंगडे मात्र ऊन पाण्यात कधीही घालू नये; लोकर आटून त्याचा नमदा होतो.

वेखंड, लवंग, कापूर, कडुनिंबाचा पाला यांचा महिमा घरोघर गायिला जातो. त्यांच्या उग्र वासाने पतंग काही काळ बिचकत असेल. पण कापडात शिरलेली अळी त्याने मरत नाही, आणि वास उडाला की पहाराही उठतो. पाला ओलसर राहिला तर वर बुरशीची भर. यांच्याहून स्वच्छ धुतलेल्या जुन्या धोतरात वस्त्र गुंडाळून त्याची तोंडे शिवून टाकण्याची आत्याची रीत मला अधिक भरवशाची वाटते. पट्टणकोडोलीच्या बाजारात एका वृद्ध धनगराला मी उपाय विचारला, तेव्हा तो हसून म्हणाला, “ठिवून दिलं म्हंजी लागतीया. रोज पांघरत ऱ्हावा की वो.” हलवाहलव आणि उजेड यांनी कसर खरोखरच बेजार होते.

डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र मी तडजोड करीत नाही. त्यांची वाफ कोंडलेल्या पेटीत दाट साचली तरच गुण देते, आणि तीच वाफ कापडात मुरते. रक्तात जन्मतः विशिष्ट विकराची उणीव असलेल्या तान्ह्या बाळाला अशा कापडात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. ज्यांच्या घरी बाळंतपण व्हायचे आहे त्यांनी जुन्या ट्रंकेतल्या शाली व दुपटी आधी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवावीत, आणि त्या ट्रंकेत पुन्हा गोळ्या घालू नयेत.